वर कंपनी, खाली चाक

२ ऑक्टोबर, दसरा

आज प्रकल्पाचा मुहूर्त. कोयता, पहार, फावड्याच्या शेजारी चाक मांडलं आणि पूजा केली. बायकोने, तुळसाने, कोयत्याला भरपूर हळदकुंकू लावलं, चाकाला नुसतं टेकवलं. लक्षात आलं. सणाचा दिवस, बोललो नाही.

प्रकल्प असा. घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, चाक बसवायचं. पाण्याने चाक फिरणार, चाकाने जुना सिलिंग फॅन फिरणार, फॅन वीज देणार. फॅन वीज खाऊन फिरतो, म्हणजे फिरवला की वीज ओकणारच. साधा न्याय आहे. यूट्यूबवर एकाने करून दाखवलंय. त्याची भाषा कळली नाही, हात कळले.

कारण लिहून ठेवतो. अक्षया जानेवारीत पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. जावई जितेंद्रराव फोनवर म्हणाले, तुमच्याकडे दिवसातून चारदा लाइट जाते, इन्व्हर्टर बसवणार असाल तर पाठवतो, नाहीतर इथे ठाण्यालाच करू. मी म्हटलं, इन्व्हर्टर म्हणजे कंपनीचीच वीज डब्यात भरून ठेवलेली. शिळी. माझ्या नातवंडाला ताजी वीज मिळेल. त्यांनी फोन अक्षयाकडे दिला. विचार करत असणार.

तुळसा म्हणाली, पोरगी येवक व्हयी, माका दुसरा काय कळणा नाय.

डिसेंबरअखेर प्रकल्प पूर्ण. मुंबईत एकतीस वर्षं लिफ्ट चालवली आहे. विजेशी आपलं नातं आजचं नाही.

९ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. व्हाळ तुडुंब. सकाळी नऊला चाक बसवलं. सव्वानऊला गेलं.

अकराला भाईच्या कुणग्यात सापडलं, कापायला आलेल्या भातात. भाई म्हणजे माझा चुलतभाऊ, गावचा मानकरी. म्हणाला, लवू, चाक तुझा गुणी हा रे, रस्तो विचारीत बरोबर भावाकडे इला. चार माणसं हसली. मी हसलो नाही. आडवं झालेलं भात उभं करायला दुपार गेली. कंबर धरली आहे.

निष्कर्ष: पाण्यात जोर भरपूर आहे. प्रकल्पाला हे चांगलंच.

१९ ऑक्टोबर

पाणी उतरलं. चाक पुन्हा बसवलं, या वेळी जांभ्या दगडाच्या दोन खांबांत. फिरतं. उत्तम फिरतं. वीज शून्य.

बाजूच्या गावातला वायरमन मंगेश बघून गेला. म्हणाला, काका, फॅनात लोहचुंबक नाय तर ईज खयसून येतली? हे यूट्यूबवाल्याने सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलं असेल.

चुंबक भजन मंडळाच्या फुटक्या स्पीकरांतून काढले. संध्याकाळी मंडळ दारात. दोन फुटके होते, तिसरा चालू होता म्हणे. मी म्हटलं, गावात वीज आली की नवा घेऊ. गावात वीज आहेच, असं त्यांचं म्हणणं. या लोकांना दूरचं दिसत नाही.

दिवाळी तोंडावर. तुळसा एकटीच पोहे कांडून आली. मदत करायची होती, पण अंगात ताकद नव्हती.

२ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

दिवा लागला!!

पडवीतला. मी मोजलं, अकरा सेकंद. तुळसाला हाक मारली. ती पेज गाळत होती. हात पुसून येईपर्यंत गेला.

७.५५. पुन्हा लागला. पुन्हा हाक. ती आली, गेला.

८.२०. आता हाक मारली तेव्हा ती आतूनच म्हणाली, हां हां, दिसलो, लख्ख दिसलो. पाठ माझ्याकडे होती.

तिची येण्याची वेळ दर वेळी चुकते. प्रकल्पात दोष नाही.

१० नोव्हेंबर

दोष सापडला. माणसांत आहे.

वरच्या अंगाला बंधारा घातलाय, दरवर्षीसारखा, आणि त्यावर सात पंप. मिरची, वाल, वांगी. पंप चालू झाले की माझ्याकडे व्हाळ नुसता ओला. चाक म्हाताऱ्यासारखं डुगडुगतं. दिवा पेटतो कसला, डोळे मिचकावतो.

भाईकडे रीतसर तक्रार केली. तो म्हणाला, तुका ईज व्हयी म्हणान आमी मिरचेक पाणी घालूक नको? मी म्हटलं, सगळ्यांनी आलटून पालटून पंप चालवा, दुपारी दोन तास माझे. तो म्हणाला, दुपारी दोन तास दिवो लावून तू काय बघतलस?

उत्तर द्यायचा कंटाळा आला. हल्ली फार कंटाळा येतो. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही.

१६ नोव्हेंबर

मंगेशने पडवीत मोठा स्विच बसवून दिला. पडवीच्या दिव्यासाठी. वर केला की कंपनीची वीज, खाली केला की चाकाची, मधे ठेवला की बंद. म्हणाला, काका, लेबल चिकटवा. मी म्हटलं, बाबा रे, एकतीस वर्षं मी वर आणि खाली याशिवाय दुसरं काही केलेलं नाही.

तो जाताना तुळसाशी कुजबुजत होता. माझ्याबद्दल आदराने बोलत असावा.

२३ नोव्हेंबर

अक्षयाचा फोन. आवाज दमलेला. बाबा, काय ते लवकर ठरवा, तिकडे यायचं की नाही, सासूबाई इथली नावनोंदणी करायची म्हणताहेत. मी म्हटलं, नव्याण्णव टक्के काम झालंय. ती म्हणाली, बाबा, मागच्या वेळीही नव्याण्णवच होतं. मी म्हटलं, म्हणजे बघ, घसरलेलं नाही.

हसली नाही. पूर्वी हसायची.

फोन ठेवल्यावर तुळसा म्हणाली, पयला बाळातपण मायेच्या दारात होवक व्हया. इतक्याच सांगतंय. आणि ती गोठ्यात गेली, शेण काढायला. शेण सकाळीच काढलं होतं.

२९ नोव्हेंबर

देवाचा कौल झाला. गावपळण १० डिसेंबरपासून. चार वर्षांनी आली.

तीन दिवस तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्रे, कोंबड्या, सगळी. वेशीपलीकडच्या कातळावर खोपी घालून राहायचं. गाव ओस म्हणजे ओस. चूल नाही, दिवा नाही, कोंबड्याचं आरवणं नाही. चौथ्या दिवशी मानकरी वेशीवरच्या देवळात जाऊन कौल घेणार. देवाने हो म्हटलं की परत. नाही म्हटलं तर पुढच्या कौलापर्यंत बाहेरच.

तुळसा भांडी बांधायला लागली. मी खोपीसाठी झावळं मोजत होतो आणि डोक्यात एकदम ट्यूब पेटली.

गाव ओस. म्हणजे पंप बंद. सातच्या सात!! म्हणजे बंधारा भरणार, वरून वाहणार, सगळा व्हाळ माझा.

देवाच्या मनातही प्रकल्प आहे.

१० डिसेंबर, सकाळ

निघतोय. लाइट पहाटेपासून गेलेली. सगळ्या तालुक्यात नाही म्हणे, कुठेतरी लाइन तुटली. त्यांना तुटू दे.

निघताना पडवीतला स्विच चाकावर टाकला. दिवा लागला नाही, पण आता लागणारच नव्हता, पाणी चढायला दिवसभर जाईल. दिवा ठेवायचा नाही हा नियम माहीत आहे. पण तो माणसाने लावलेल्या दिव्याला. हा पाण्याने लावलेला. यात कुणाला विचारण्यासारखं काही नाही, म्हणून विचारलं नाही.

तुळसा मागून आली, कुलूप लावलं. जरा रेंगाळली. मी ओरडलो, चल गो, भाई पुढे गेला.

रात्री: कातळ कठीण आहे. गोधडीखाली दगड, दगडाखाली दगड. समोर गाव काळोखात. आपलं घर ओळखूसुद्धा येत नाही. पोरं नाचतायत, बाया फुगड्या घालतायत, कुणी भजन लावलंय, दोनच स्पीकरवर. माझ्याकडे बघून लावलंय.

११ डिसेंबर, संध्याकाळी ७.१०

लागला.

लागला लागला लागला.

समोर, व्हाळाच्या काठाला, माझ्या पडवीत. लख्ख! पांढरा! हलत नाही, मिचकावत नाही. सगळ्या ओस गावात एकच दिवा आणि तो माझा.

आधी बाया किंचाळल्या. कुणी म्हणालं, देवचार. कुणी म्हणालं, चोर. म्हातारे हात जोडायला लागले. मी कातळावरच्या उंच दगडावर चढलो आणि सांगितलं, भिऊ नका, चाक आहे माझं. पंप बंद, पाणी पूर्ण, वीज पूर्ण. मी काय सांगत होतो दोन महिने?

सगळे गप्प झाले. अशी शांतता मी लिफ्टमध्ये सोडून कुठे अनुभवली नव्हती.

मग अक्षयाला फोन. रडायला आलं मला. म्हटलं, बाळा, ये. दिवा लागलाय, अर्धा तास झाला, विझत नाही. ती म्हणाली, खरंच बाबा? मी म्हटलं, अख्खा गाव बघतोय. जितेंद्ररावांनीही फोन घेतला, म्हणाले, ग्रेट, तिकिटं काढतो.

तुळसाला म्हटलं, बघ. ती बघत होती. दिव्याकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, जेवन घेवा, भाकरी गार जाता.

चार भाकऱ्या खाल्ल्या.

१२ डिसेंबर

दिवा दिवसासुद्धा जळतोय, नीट बघितलं तर दिसतो. आज माझ्या खोपीत माणसांची रांग. चाक कसं, चुंबक कसे, सगळ्यांना समजावलं. सरकारी अनुदान मिळतं का, असं एकाने विचारलं. बघतो म्हटलं. पुढच्या वर्षी सगळ्या व्हाळाला सात चाकं, पंपांच्या जागी. नकाशा काढला.

तुळसाची कंबर कातळाने धरली आहे. म्हटलं, उद्या घरी. तिला रात्री गोष्टी सांगत बसलो, लिफ्टच्या दिवसांतल्या. किती वर्षांनी. ती हूं हूं करत होती.

१३ डिसेंबर

कौल झाला नाही.

गुरवाने देवाच्या अंगाला फुलांचे कळे चिकटवले, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. अर्धा तास मानकरी उभे. उजवा कळा पडेना. शेवटी डावा पडला. परत यायला देवाची परवानगी नाही.

भाई देवळातून थेट माझ्या खोपीत. म्हणाला, देव काय खुळो हा? गाव खाली करा म्हणता आणि तुझ्या पडवेत दिवो जळता. गाव ओस खंय झालो? मी म्हटलं, माणसाने लावलेला नाही तो. तो म्हणाला, मगे कोणी लायलो, माशांनी?

दुपारपर्यंत अख्खा कातळ माझ्यावर उलटला. काल रांग लावणारे आज तोंड फिरवतायत. शाळा बुडते, दूध डेअरीला जात नाही, एका म्हातारीला ताप आहे. सगळ्याला मी जबाबदार. एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, करूक गेलो गणपती नी झालो माकड.

दिवा विझवायला आत कुणी जाऊ शकत नाही. रीत मोडेल. मी तर म्हणतो विझवायचाच कशाला.

तुळसाने कमरेला गरम मीठ बांधलंय. काहीही बोलत नाही. ती बोलत नाही याचा मला राग येतो.

१४ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

सकाळी भाईने देवासमोर गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज ह्यो लवू तुझ्या पायाकडे इलो हा, तेच्या हातसून जाणता अजाणता काय चूक घडली आसात तर ती पोटात घाल रे म्हाराजा. सगळे म्हणाले, होय म्हाराजा. दिव्याला चूक म्हणणं मला पटलं नाही. तरी होय म्हाराजा मीही म्हटलं.

कौल नाही.

तेव्हा मंगेश मोटरसायकलवरून आला. त्याचं गाव वेगळं, त्याला पळण नाही. भाईच्या कानाशी लागला. भाई म्हणाला, मंगेश म्हणता लाइनमनाक सांगून गावची लाइट बंद करून बघूया. ट्रान्सफॉर्मर वेशीच्या अल्याड आसा, आत जावक नको.

मी हसलो. खरंच पोटभर हसलो. म्हटलं, अरे, कंपनीची वीज बंद करून माझं चाक कसं थांबेल? खुशाल करा. नुसतं करू नका, सगळ्यांना बोलवा, बघू देत. भाई म्हणाला, लवू, जावंदे, माणसां नकोत. मी म्हटलं, नाही, सगळे हवेत. स्वतः फिरून खोपीखोपीतून माणसं बोलावून आणली. तापाची म्हातारीसुद्धा आली, नातवाच्या खांद्याला धरून.

तुळसा म्हणाली, माझ्या पोटात दुखता, घराकडे बघूचा नाय माका. मी तिचा हात धरून तिला पुढे आणलं.

संध्याकाळी साडेसहा. लाइनमनने फ्यूज काढला.

दिवा गेला.

त्याने परत घातला. आला. परत काढला. गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. हसलं नाही कुणी. भाईने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, चल, चाय घे. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

पाऊण तासाने कौल झाला. उजवा.

१५ डिसेंबर

घरी.

स्विच वर होता.

व्हाळात गेलो. पाणी काठोकाठ, कधी नव्हे एवढं. माझा हिशोब बरोबर होता. फक्त माडाचं झावळ हिशोबात धरलं नव्हतं. एक पडून चाकात आडवं अडकलंय. त्याच्या पाण्याबाहेरच्या टोकावर गाळ सुकलाय, म्हणजे पहिल्याच दिवशी पडलेलं. चाकाला पाणी धरायला लावलेल्या एका डब्यात कुर्ली घर करून बसली आहे. तिने नांगी दाखवली, मी परत आलो.

तुळसाला म्हटलं, स्विच मी खाली केला होता, नक्की खाली केला होता. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, वर होतो. कुलूप लायताना माका दिसलो.

दिसला होता तर बोलली का नाहीस?

म्हणाली, तेव्हा लाइट नव्हती, तुम्ही वरडत होतास, म्हटलं ऱ्हवंदे. मगे दिवो पेटलो. तुम्ही त्या दगडार चढलास. दोन दिस पोटभर जेवलास, माझ्याकडे बसून बोललास. सांगूक माझ्या जिवार इला.

आणि कौल झाला नाही तेव्हा? दोन रात्री जास्त, तुझी ती कंबर?

ती तांदळातले खडे काढत राहिली. मी तिथेच बसलो. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला लिफ्ट ऑटोमॅटिक झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

१८ डिसेंबर

मंगेशला फोन केला, इन्व्हर्टर बसवायचा आहे, किती दिवस लागतील. अर्ध्या तासात घेऊन आला. खोक्यावर बोटभर धूळ. म्हटलं, इतक्या लवकर कसा मिळाला? तो तुळसाकडे बघायला लागला. तुळसा म्हणाली, चाय घेतलस? त्याने घेतला होता, तरी नाही म्हणाला.

बसवायला एक तास. आवाजसुद्धा करत नाही.

अक्षयाला फोन करून खरं सांगायचं आहे. उद्या सांगतो. तिकिटं काढलीत, आता तिला ताण नको.

४ जानेवारी

आली. जितेंद्रराव सोडायला आले आहेत, परवा जातील. कुडाळ स्टेशनवरून येताना रिक्षा खड्ड्यांतून गेली की माझंच पोट हलत होतं. तुळसाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, आत घेतलं. फोन करून सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

सव्वासातला लाइट गेली. सगळी वाडी काळोखात. आमच्या पडवीत दिवा तसाच. जितेंद्रराव वर बघून म्हणाले, बाबा, मानलं तुमच्या चाकाला.

तुळसाने माझ्याकडे बघितलं. ती काही बोलणार नव्हती. मी हूं म्हटलं असतं तर तिने जन्मभर निभावून नेलं असतं, हे मला दिसलं.

मी म्हटलं, चाक नाही ते. इन्व्हर्टर आहे. चाक कधी चाललंच नाही. मी तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं, म्हणजे तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

एवढं बोलायला मला फार जोर लावावा लागला. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

जितेंद्ररावांचा चेहरा पडला. अक्षयाकडे बघून म्हणाले, बाबा, मला माहीत आहे. इन्व्हर्टर मीच पाठवलाय, दिवाळीच्या आधी. तुम्ही मागेपर्यंत मंगेशच्या दुकानात ठेवायचा असं या आईंनी सांगितलं होतं. आणि हिने ट्रेनमध्ये बजावलं होतं, दिवा दिसला की चाकाचं कौतुक करा, बाबांना बरं वाटेल.

म्हणजे मंगेशला माहीत. तुळसाला माहीत. पोरीला माहीत. यायचं की नाही, हे मी तिला विचारायला लावलं, ती दमलेल्या आवाजात विचारत होती तेव्हाही तिला माहीत. तीन महिने सगळं घर मला सांभाळून घेत होतं आणि मी लिहीत होतो की लोकांना दूरचं दिसत नाही. लाज वाटली. मान वर करवेना.

शेवटी अक्षया म्हणाली, बाबा, अंग आंबलंय, अंघोळीला पाणी तापवा ना.

उठलो. न्हाणीतली चूल पेटवली. लाकडं ओली होती, पण पेटली.